ताट माझ्या हातात, आकडे दुसऱ्याच्या तोंडी

एका मुलीचा प्रश्न आहे, थोडा आटोपशीर करून तिच्याच शब्दांत देते:

"मी २७ वर्षांची, मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, चार वर्षं झाली. दिसायला चांगली आहेस, हे लहानपणापासून ऐकत आलेय. कस्टमर ऑडिटला आला की गेटवर औक्षणाचं ताट माझ्या हातात देतात, आणि आत मीटिंगमध्ये माझ्याच रिपोर्टमधले आकडे माझा सहकारी सांगतो. मी बोलायला लागले की सगळे हसून ऐकतात, पण लिहून कोणी घेत नाही. साधी राहायला लागू का? ढगळ शर्ट, चष्मा, केस घट्ट बांधून? आणि कोणी कौतुक केलं तरी मला कळेनासं झालंय, ते कामाचं की कशाचं."

तुला 'तू'च म्हणते, माझी मुलगी तुझ्याहून वर्षाने लहान आहे. मी २६ वर्षं भोसरी, पिंपरी आणि पुढे चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या कारखान्यांत एचआरचं काम केलं. खूप इंटरव्ह्यूंना बसले, अप्रेझलची भांडणं मिटवली, आणि ते ताट कोणाच्या हातात द्यायचं हे जिथे ठरतं त्या मीटिंगलाही मी बसलेली आहे. म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

ढगळ शर्टाचं आधी सांगते: नको. माझ्या एका जुन्या कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला एक मुलगी होती. तिने अगदी हेच केलं. काजळ सोडलं, केस वर बांधले, भावाचे वाटावेत असे शर्ट घालायला लागली. दोन-तीन महिन्यांत कँटीनमध्ये तिचं नाव 'काकूबाई' पडलं, आणि हिचं ठरलेलं लग्न मोडलं की काय अशी कुजबुज माझ्या टेबलापर्यंत आली. तिच्या प्लॅनकडे मात्र आधी जेवढं लक्ष होतं तेवढंच राहिलं. तिच्या दिसण्याची चर्चा थांबली नव्हती, चर्चेचा विषय तेवढा बदलला होता.

आणि जी मुलगी मुळातच रूपाने चारचौघींसारखी किंवा त्याहून डावी, तिचं काय होतं तेही मी पाहिलंय. वेल्ड शॉपसाठी इंटरव्ह्यू चालले होते. सावळी, अंगाने भरलेली, दातांत फट असलेली एक मुलगी आली. प्लँट हेडने फिक्स्चरबद्दल, म्हणजे वेल्डिंग करताना भाग पकडून ठेवणाऱ्या साच्याबद्दल, विचारलं, तिने त्यांचाच पॅड ओढून घेतला आणि क्लॅम्प कुठे द्यायचे ते काढून दाखवलं. त्या दिवशीच्या उमेदवारांत सगळ्यात चोख उत्तर तिचं होतं. ती बाहेर गेल्यावर पॅनेलवरचे एक जण म्हणाले, "काम येईल हिला, पण कस्टमरसमोर उभी कशी करायची?" तासाभरापूर्वी त्याच खुर्चीत एक देखणी मुलगी बसून गेली होती. तिच्याबद्दल हेच गृहस्थ म्हणाले होते, "ही वेल्डिंगच्या धुरात किती दिवस टिकणार? मार्केटिंगला विचारा." तिच्यामागून आलेल्या मुलाचा शर्ट एका बाजूने बाहेर आला होता आणि दाढी दोन दिवसांची होती. त्याबद्दल कोणी काहीच बोललं नाही, मीही नाही. त्याला वेल्डिंगचं विचारलं आणि वेल्डिंगवरच मार्क दिले.

त्या दिवशीच्या माझ्या शीटवर देखण्या मुलीच्या नावापुढे 'प्रेझेंटेबल' असं लिहिलेलं होतं, आणि ते माझ्या हाताने. वेल्ड शॉपच्या इंजिनिअरसाठी तो रकाना नव्हताच, मी समासात लिहिलं होतं. हे मला फार वर्षांनी, जुन्या फायली निकालात काढताना दिसलं आणि मनाला लागलं. एचआरच्या बाईनेच ते लिहिलं होतं, म्हणजे हा नुसता पुरुषांचा दोष नाही.

तुझ्या बाबतीत मेख अशी आहे की सुंदर मुलीला आमच्याकडे सरळ 'नाही' म्हणत नाहीत. तिला घेतात, आनंदाने घेतात. मग ॲन्युअल डेचं सूत्रसंचालन, पाहुण्यांचं स्वागत, कंपनीच्या ब्रोशरवरचा फोटो, सीएसआरच्या कार्यक्रमाला पुष्पगुच्छ. जिथे दिसायचं असतं तिथे तू सगळ्यात पुढे, आणि जिथे बोलायचं असतं तिथे तुझ्यापुढे कोणीतरी उभा. वरवर पाहिलं तर हे लाड वाटतात. म्हणून तक्रार करायची सोय नसते, घरी सांगितलं तर आई म्हणते, "अगं, चांगलंच आहे की, सगळ्यांना तू आवडतेस."

ही तुझी समजूत नाही, यावर पुष्कळ अभ्यास झालेला आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेले शेरे तपासले. ज्याची शरीरयष्टी चांगली, त्याला बुद्धीचे आणि नेतृत्वाचे मार्कही चढे मिळत होते. एका गुणाचा उजेड बाकीच्या सगळ्यावर पडतो. पुढे १९७२ मध्ये डायन, बर्शाइड आणि वॉल्स्टर यांनी दाखवलं की देखण्या माणसांचा स्वभाव चांगला असेल, त्यांचं आयुष्य सुखाचं जाईल, असं लोक नुसता फोटो बघून धरून चालतात. इथवर वाटतं की देखण्या माणसाची चैनच आहे. पण १९७९ मध्ये मॅडलीन हाइलमन आणि सारुवातारी यांनी स्त्री आणि पुरुष वेगळे काढून पाहिले, तेव्हा चित्र फाटलं. देखण्या पुरुषाला रूपाचा फायदा कारकुनीच्या जागेसाठीही झाला आणि मॅनेजरच्या जागेसाठीही. देखण्या स्त्रीला फायदा फक्त कारकुनीच्या जागेसाठी झाला, मॅनेजरच्या जागेसाठी तिचं रूप तिच्या आड आलं. २०१० मध्ये स्टेफनी जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तपासलं, तर जी कामं पुरुषी समजली जातात आणि जिथे दिसण्याचा कामाशी संबंध नाही, अशाच ठिकाणी हा तोटा दिसला. त्यांच्या यादीत मेकॅनिकल इंजिनिअरही होता. म्हणजे तू नेमकी त्या कप्प्यात आहेस.

उलट बाजूचंही एक उदाहरण देते, कारण नाहीतर तुला वाटेल की सगळा गुन्हा सौंदर्याचाच. ॲन हॉपकिन्स या बाई प्राइस वॉटरहाउस या अमेरिकेतल्या बड्या अकाउंटिंग फर्ममध्ये होत्या. १९८२ मध्ये पार्टनरशिपसाठी ८८ जणांची नावं पुढे आली, त्यात त्या एकट्या बाई. काम त्यांनी भरपूर आणलेलं होतं. तरी त्यांना सल्ला काय मिळाला? चालणं-बोलणं जरा बायकी करा, मेकअप करा, केस सेट करून घ्या, दागिने घाला. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८९ मध्ये कोर्टाने स्पष्ट केलं की बाईने कसं असावं याच्या ठोकळेबाज कल्पनेवरून तिची बढती अडवणं हा भेदभाव आहे.

आणि तेव्हा आपल्या मुंबईत मुख्यालय असलेली एअर इंडिया. तिथल्या नियमाप्रमाणे एअर होस्टेसची नोकरी ३५ व्या वर्षी, किंवा पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिल्या गरोदरपणात संपायची. नर्गेश मिर्झा खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टापुढे असाही मुद्दा मांडला गेला की तरुण, आकर्षक होस्टेस अवघड प्रसंग जास्त सफाईने हाताळते. १९८१ च्या निकालात गरोदरपणाची अट कोर्टाने काढून टाकली. ताटाची परंपरा अशी जुनी आहे, बाईचं रूप हा पाहुणचाराचा भाग धरायचा.

आपल्याकडे त्याला आणखी एक अस्तर आहे, ते मला इंटरव्ह्यूच्या टेबलावर जाणवायचं. आपल्या बहुतेक पुरुषांनी अनोळखी मुलीला समोर बसवून प्रश्न विचारण्याचा पहिला प्रसंग कुठे पाहिलेला असतो? बघण्याच्या कार्यक्रमात. तीच बैठक, तोच सूर नोकरीच्या इंटरव्ह्यूत उतरतो. "घरी कोण कोण असतं? भाऊ काय करतो? लग्नाचं काही बघताय का?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण तोपर्यंत समोरची इंजिनिअर पुसली जाऊन स्थळ बसलेलं असतं. असा प्रश्न आला की मी मध्येच "सर, टॉलरन्सचं विचारायचं राहिलं ना?" म्हणून गाडी वळवायचे. पहिल्या काही वर्षांत तेवढंही धाडस नव्हतं.

याच पिंपरीत टेल्कोच्या जाहिरातीत १९७४ च्या सुमाराला स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलेलं होतं, आणि सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जेआरडींना पोस्टकार्ड लिहून त्याचा जाब विचारला, हे तुला माहीत असेल. त्यांना तो अन्याय छापील दाखवता आला. तुझ्या वाट्याला आलेला कुठे छापलेला नाही, म्हणून तो तुलाच कागदावर आणावा लागणार आहे. याचं महत्त्व मला एका प्रसंगाने कळलं.

एका कारखान्यात क्वालिटीला एक मुलगी होती, तुझ्यासारखीच नाकीडोळी नीटस, बोलण्यात गोड. सोमवारच्या मीटिंगला तिने सांगितलं की बोअर गेज, म्हणजे भोकाचा व्यास मोजायचं साधन, ज्यावर सेट करतात ती सेटिंग रिंग आतून घासली गेली आहे. रिंग मोठी झाली की गेजचा शून्यच सरकतो, आणि मोठा झालेला बोअर बरोबर म्हणून पास होतो. ती दोन मिनिटं बोलली. हातात रिंग होती, ती तिने टेबलावर ठेवली. सगळे तिच्याकडे बघत होते, रिंगकडे कोणी बघितलं नाही. एक जण म्हणाले, "आज एकदम फ्रेश!" हशा झाला, ती पण हसली, आणि डिस्पॅचचा विषय निघाला. तीन आठवड्यांनी कस्टमरकडून सगळा लॉट परत आला, बोअर ओव्हरसाइज. जबाबदारी कोणाची यावर माझ्यासमोर सुनावणी झाली आणि बोट तिच्याकडेच होतं, कारण गेज क्वालिटीचं. मी त्या सोमवारचे मिनिट्स काढले. हजर असलेल्यांत तिचं नाव होतं. कँटीनच्या कुपनांचा ठराव होता. रिंगबद्दल एक ओळ नव्हती. मी त्या खोलीत होते, मी ऐकलं होतं, म्हणून तिचा मेमो थांबला. मी नसते तर?

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी बदलल्या. मिनिट्स लिहिणारा दर आठवड्याला वेगळा, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे मांडणाऱ्याचं नाव. इंटरव्ह्यूमध्ये पॅनेलने एकमेकांशी बोलण्याआधी आपापले मार्क लिहून माझ्याकडे द्यायचे, प्रश्न सगळ्यांना तेच. अर्जावरचा फोटो मी झाकून पाठवायला लागले. सुरुवातीला कुरकूर झाली. पण 'कस्टमरसमोर कशी उभी करायची' यासाठी शीटवर जागाच नसेल तर ते वाक्य म्हणणाऱ्यालाच जड जातं, हे मी पाहिलं. तुझ्या हातात पॅनेल नाही, पण तुझ्या कामाची नोंद आहे. म्हणून बोलण्याच्या आधी कागद पाठव. मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी एक पानाचा मेल: काय सापडलं, आकडा किती, काय करायला हवं, खाली तुझं नाव. दुसऱ्या दिवशी सहकारी तेच आकडे सांगायला लागला तर न चिडता म्हण, "हो, कालच्या माझ्या मेलमधलं दुसरं टेबल, त्यात एक गोष्ट मी जोडते." आणि जोड. भांडण होत नाही, पण मालकी सगळ्यांना कळते. जमलं तर एखाद्या सहकाऱ्याशी बोलून ठेव, पुरुष असला तर फारच बरं: तू माझा मुद्दा आला की 'हे हिने काढलंय' म्हण, मी तुझ्यासाठी म्हणेन. असं म्हणणारी माणसं प्रत्येक खात्यात असतात, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं एवढंच.

मीटिंगमध्ये "आज छान दिसतेस" आलं तर "थँक यू, तिसऱ्या स्लाइडवर जाऊया" एवढं पुरे. हसून वेळ मारून नेऊ नकोस, तू हसलीस की त्यांच्या लेखी विषय तोच होतो. चहाच्या टपरीवर मैत्रीण किंवा मित्र म्हणाला, तर ते वेगळं आणि ते मोकळेपणाने घे. ठिकाण कोणतं आणि त्या क्षणी तू काय करत होतीस, यावरून फरक कळतो. २०१३ मध्ये ओबामांनी एका कार्यक्रमात कमला हॅरिस, तेव्हा कॅलिफोर्निया राज्याच्या ॲटर्नी जनरल, यांच्या हुशारीचं कौतुक करता करता त्या देशातल्या सगळ्यात देखण्या ॲटर्नी जनरल आहेत असं म्हटलं, आणि नंतर फोन करून माफी मागितली. हेतू वाईट नव्हता. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं ते बघ.

एक युक्ती अभ्यासातून आलेली आहे, ती देते, पटली तर घे. २०१४ मध्ये जॉन्सन आणि सहकाऱ्यांनीच बांधकामावरच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या स्त्रियांबद्दल पाहिलं की देखण्या उमेदवाराने स्वतःहून 'मी या कामातल्या नेहमीच्या माणसासारखी दिसत नाही' असं म्हणून पुढे कामाचा अनुभव सांगितला, तर तिला चांगले मार्क मिळाले. नवीन कस्टमरसमोर पहिल्यांदा उभी राहताना "मला बघून पहिल्यांदा लोकांना मी एचआरची वाटते, गेली चार वर्षं या लाइनचं बोअर रिजेक्शन मी बघते" असं एक वाक्य टाकून बघ. माझ्या मनात याबद्दल दोन मतं आहेत. अडचण दुसऱ्याच्या डोळ्यांत आणि खुलासा तुझ्या तोंडून, हे मला बोचतं. पण पहिल्या भेटीत त्याचा उपयोग होतो, हेही मी पाहिलंय. तसंच कपड्यांचं. अनोळखी कस्टमर असेल त्या दिवशी टीममधल्या सगळ्यांसारखा कंपनीचाच शर्ट घाल. बाकी दिवस तुला आवडेल ते. शॉप फ्लोअरवर केस बांधणं आणि सेफ्टी शूज हे मशीनसाठी, ते मुलांनाही आहे.

आता तुझ्या शेवटच्या वाक्याकडे येते. ते तू जाता जाता लिहिलंस, पण मला सगळ्यात जास्त तेच डाचलं. कौतुक कामाचं की कशाचं, हे कळेनासं झालंय. १९८४ मध्ये ब्रेंडा मेजर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. लोकांकडून निबंध लिहून घेतले आणि परीक्षकाकडून (बायकांना पुरुष परीक्षक, पुरुषांना बाई) सगळ्यांना चांगला अभिप्राय दिला. काहींना सांगितलं की परीक्षक तुम्हाला बघू शकतो, काहींना सांगितलं की बघू शकत नाही. आपल्याला बघितलं जातंय असं ज्या देखण्या मंडळींना वाटलं, त्यांनी त्या कौतुकाचं श्रेय आपल्या निबंधाला कमी दिलं. स्वतःच्याच कामावरचा विश्वास असा पोखरला जातो. इतरांनी तुला गंभीरपणे न घेणं एकवेळ सोसता येतं, पण हळूहळू तूच तुला तसं घेईनाशी होतेस. देखण्या मुलींनी बढतीसाठी अर्जच न केल्याच्या केसेस माझ्यासमोर आल्या आहेत. "मिळाली तर लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे," असं एकीने मला सांगितलं होतं. ती उत्तम इंजिनिअर होती.

म्हणून जिथे तुझा चेहरा पोचत नाही तिथलं मोजमाप जमव. चेन्नईच्या प्लँटमधल्या ज्या माणसाने तुला कधी पाहिलेलं नाही, त्याने तक्रार क्लोज केल्याचा मेल. तू लाइन घेतलीस तेव्हाचं रिजेक्शन आणि आजचं. आणि रात्री साडेदहाला सेकंड शिफ्टचा ऑपरेटर फोन करून विचारतो, "मॅडम, बोअर वर चाललाय, ऑफसेट देऊ का थांबू?" तो फोन. त्याची मशीन उभी आहे, सुपरवायझर डोक्यावर आहे, त्याला त्या क्षणी उत्तर येणारं माणूस हवं असतं. असे फोन येत असतील तर एका वहीत तारखेनिशी लिहून ठेव. अप्रेझलला त्यातलं निम्मं कामाला येतं, आणि उरलेलं तुझं तुला वाचायला.

एक गोष्ट स्पष्ट ठेव. मी वर जे सांगितलं ते दुर्लक्षासाठी. शेरे अंगावर येणारे, लैंगिक असतील, त्यामुळे काम करणं कठीण होत असेल, तर तो कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचा विषय आहे. १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. "ही वर गेली ती कशी गेली, सगळ्यांना माहीत आहे" असलं बोलणंही हसण्यावारी नेऊ नकोस, कोण, कुठे, कोणासमोर बोललं ते त्याच दिवशी लिही.

ताटाचं राहिलं. मला औक्षणाचा राग नाही, आपली पद्धत आहे आणि परदेशी पाहुणे हरखतात. मी शेवटच्या कंपनीत त्याची पाळी लावली, त्यात मुलंही घातली. पहिल्या दिवशी एका ट्रेनी मुलाच्या हातातलं ताट थरथरत होतं आणि अक्षता पाहुण्याच्या बुटावर सांडल्या. काही बिघडलं नाही. तुझ्याकडे पाळी नाही, तर पुढच्या ऑडिटच्या चार दिवस आधी मॅनेजरला मेल टाक. मसुदा देते, आकडे तुझे भर:

"सर, शुक्रवारच्या ऑडिटसाठी बोअर रिजेक्शनचा ॲनालिसिस आणि गेजचे कॅलिब्रेशन रिपोर्ट सोबत जोडले आहेत. हे काम माझं असल्याने हा भाग मीच मांडेन, साधारण १२ मिनिटं लागतील. सकाळी साडेनऊपर्यंत मी लाइनवर शेवटची रीडिंग घेत असेन, त्यामुळे गेटवरच्या स्वागताला मी नसेन. एचआरला तसं कळवलं आहे, ट्रेनी बॅचमधले दोघं ते बघतील. कस्टमरकडून काही प्रश्न आधी आले असतील तर मला उद्या संध्याकाळपर्यंत द्याल का?"